हात तसाच हलत राहिला

कुणी टेम्पो मागं घेताना ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडलं की मला कोल्हापूरच्या विमानतळावरचं ऊन आणि इंधनाचा तो रॉकेलसारखा वास आठवतो. मी तिथं विमानाला जिना लावायची गाडी चालवायचो. चालवणाऱ्यानं फक्त खुणा करणाऱ्याच्या हाताकडं बघायचं, हा तिथला नियम. खुणा करणारा जवळच्याच गडमुडशिंगी गावचा, रोज माझ्याच डब्यात जेवणारा. त्या सकाळी ‘ये, ये’ करता करता त्याची नजर मोबाइलकडं वळली, हात मात्र तसाच हलत राहिला आणि जिन्याची कड विमानाच्या दाराखाली धडकली. तळहाताएवढा पत्रा चेपला. परतीचं उड्डाण रद्द झालं. साहेबांनी विचारल्यावर तो म्हणाला, “मी थांब म्हणून हात वर केलता की! ह्यानं बघितलंच न्हाय.” विमानतळात शिरायचा माझा पास तिथल्या तिथं काढून घेतला. दुपारी मी फाटकाबाहेर झाडाखाली बसलो होतो, तर हा माझ्या शेजारी येऊन टेकला. “तुला दुसरं काम मिळंल. माझी दोन पोरं हाईत,” म्हणाला आणि सवयीनं डब्याकडं बघितलं. मी डबा त्याच्यापुढं सरकवला. त्याच्या खोट्याचा राग कधीच निवला, पण तो डबा सरकवल्याचा अजून येतो.