चिनी मातीचा खुबा

मोटरसायकल घसरली तेव्हा मी तिशीच्या आत होते. झरी जामणीच्या जंगलात वनरक्षक म्हणून लागून फार दिवस झाले नव्हते. मुकुटबनहून बीटवर, म्हणजे माझ्या वाट्याच्या जंगलात, परतताना वळणावर गिट्टी पसरलेली होती. गाडी गेली आणि मी उजव्या कुशीवर आपटले. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. नागपूरला स्क्रू टाकले, हाड जुळलं, मी कामावर रुजू झाले. वाटलं, सुटले एकदाची.

वर्षभरात जांघेत ठणका सुरू झाला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यावर धरून दाखवला. हाड जुळलं होतं, पण खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नव्हतं. तो आतून मरत चालला होता.

"सांधा बदलावा लागेल," ते म्हणाले, "पण तुमचं वय कमी. तरुण माणूस जास्त चालतो, सांधा लवकर झिजतो. जमेल तितकं लांबवा."

मी लांबवलं. गोळ्या खाल्ल्या, काठी घेतली. मग एका उन्हाळ्यात वणवा लागला आणि वाटेत आडव्या पडलेल्या सागावरून मला पायच उचलता येईना. सोबतच्या मजुरांनी मला दंडाला धरून पलीकडे काढलं. आग विझवायची सोडून ते मला सांभाळत होते. तिथेच मी ठरवलं.

रेंजर साहेब चांगल्या मनाने म्हणाले, "ऑफिसात टेबल देतो, बाई. बसून काम करा."

"टेबल नको, साहेब. सुट्टी द्या. सांधा बदलून येते."

बाभुळगावला घरी सांगितलं की नव्या सांध्याचा गोळा सिरॅमिकचा, म्हणजे एक प्रकारच्या चिनी मातीचा असतो, तर आई हादरली. "चिनी मातीचा? कपबशीचा असते तो? जंगलात पडली अन् फुटला त काय करशीन?"

मी तिला नागपूरला सोबतच नेलं. डॉक्टरांनी नमुन्याचा गोळा तिच्या हातावर ठेवला. फिका गुलाबी, लिंबाएवढा, हातातून निसटेल इतका गुळगुळीत. आईने तो बांगडीवर वाजवून पाहिला.

"सांगा ना जी, पोरीले जनमभर पुरन का हा?"

"खोटं बोलत नाही, मावशी. हा साध्या कपबशीचा नाही, फार कठीण असतो. घासून झिजणं याच्यात अगदी कमी, म्हणूनच तरुणांना बसवतो. पुष्कळ जणांचे वर्षानुवर्षं चांगले चाललेत. पण क्वचित तडकतो, कधी आवाज करतो, कधी हा ज्यात फिरतो ती वाटी सैल होते. जन्मभराची हमी मी देणार नाही."

आईने गोळा परत दिला. मला मात्र त्या हमी न देणाऱ्या माणसाचा भरवसा वाटला. "बसवा," मी म्हणाले.

ऑपरेशननंतर उकिडवं बसणं बंद, मांडी घालणं बंद. वॉकर धरून अंगणात चालायचे तेव्हा शेजारणी दारात येऊन बघायच्या. बघू दिलं. रोज पाय उचलायचा व्यायाम केला. रडू यायचं, तेव्हाही केला. पावसाळा सरल्यावर मी बीटवर परतले आणि त्या हिवाळ्यात वणवा अडवायला साफ केलेली माझी सगळी जाळरेषा स्वतः चालून तपासली.

पुढची कित्येक वर्षं खुब्याची आठवणही झाली नाही. मग एकदा रोपवनात वाकून खड्डे बघत होते आणि खुब्यातून आवाज आला, गंजलेल्या बिजागरीसारखा. पुन्हा वाकले, पुन्हा तोच. दुखत नव्हतं, पण मी काम तिथेच थांबवलं. आता हा फुटणार, हेच डोक्यात.

आईला लपवलं नाही. ती लगेच निघाली माझ्यासोबत. बसमध्ये म्हणाली, "मी तवाच म्हणत होती." थोड्या वेळाने माझा हात धरून म्हणाली, "भेऊ नको. पाहू."

डॉक्टरांनी नवे फोटो काढले, जुन्यांशेजारी लावले. दोन्ही पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. मग म्हणाले, "झीज दिसत नाही. वाटी पक्की आहे, कुठे तडा नाही. ठरावीक कोनात वाकलात की घासून आवाज येतो. दुखलं किंवा आवाज बदलला तर त्याच दिवशी या. नाहीतर वर्षातून एकदा दाखवा."

"आणि काम?"

"चाला. पडू नका."

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "अन् म्हातारपणी पुन्हा बदला लागला त?"

"तर बदलू."

"तवा मी नसीन सोबतीले."

मी म्हणाले, "चाल, चहा घेऊ."

आज मी चाळिशी ओलांडली आहे. मोटरसायकल अजून चालवते, वळणावर हळू. उतरणीला काठी घेते, त्याची लाज नाही. आवाज अधूनमधून येतो. नवे मजूर दचकून बघतात, तेव्हा सांगते की माझाच पाय आहे, चला पुढे. यंदाचा फोटोही स्वच्छ निघाला. पुढच्या वर्षीचा पुढच्या वर्षी.

उद्या सकाळी डोंगराच्या बाजूची हद्द बघायची आहे. गाडी पायथ्यापर्यंतच जाते.