जुन्या जमिनीचा नवा भाव

गुंतवणूकदारांसाठी कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, हे माझं काम. आठवड्यातून दोनदा मुंबईच्या ऑफिसात जाते, बाकीचे दिवस चंदनसारच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी टेबल मांडून बसते. नफ्याचे आकडे सगळेच बघतात. मी आधी स्थिर मालमत्ता बघते. कंपनीकडे जमीन, इमारती, यंत्रं किती आहेत आणि वापरानं होणारी झीज, म्हणजे घसारा, वजा केल्यावर त्यांची किंमत किती उरते. एका वर्षाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. आठ-दहा वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, की कंपनी वाढतेय का बसून खातेय ते दिसायला लागतं.

शाळेत मला गणित शिकवणाऱ्या बाईंचा एकदा फोन आला. त्या आता निवृत्त आहेत, वसईला धाकट्या भावासोबत राहतात. वाडीचा एक तुकडा विकून आलेल्या पैशांतले काही दोघांनी पाइप बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते.

"कंपनीची मालमत्ता एका वर्षात जवळजवळ दुप्पट झालीय म्हणे," बाई म्हणाल्या. "भाऊ उरलेले पैसेही तिथंच घालायला निघालाय. तू एकदा बघशील?"

मी बघितलं, आणि रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून ते दोघं घरी आल्यावर लॅपटॉप घेऊन गेले. बाईंनी बशीत सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, ठेवली. अंकल, म्हणजे बाईंचे भाऊ, समोर खुर्ची ओढून बसले. त्यांचा निर्णय झालेलाच होता.

"दुप्पट झाली ना? मग वाढतेय कंपनी."

"अंकल, त्याआधीची वर्षं बघा. आकडा दर वर्षी खाली येतोय. यंत्रं झिजतायत आणि त्यांच्या जागी नवी येत नाहीत."

"पण यंदा चढला की."

"आता यंत्रांची ओळ वेगळी बघा. ती यंदाही खालीच आलीय. वाढलीय फक्त जमीन, आणि नवीन जमीन एक गुंठाही घेतलेली नाही. जुन्या जमिनीलाच आजचा भाव लावलाय."

"म्हणजे खोटं लिहिलंय?"

"नाही, नियमात बसतं. खाली टीप देऊन सांगितलंयसुद्धा. पण त्यानं पाइप जास्त निघणार नाहीत."

बाई हसल्या. "आपल्या वाडीचा भाव कुठच्या कुठं गेला. म्हणून केळीचे घड वाढले का रे?"

अंकल त्यांच्या घरच्या बोलीत भराभर काहीतरी बोलले. मला अर्धंच कळलं, पण ती बाईंची स्तुती नव्हती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कंपनीवाल्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळत असेल ना?"

"असेलच. त्यांनाच विचारू या."

भागधारकांची वार्षिक सभा ऑनलाइन होती. मी बाईंचं नाव बोलणाऱ्यांत नोंदवून ठेवलं. त्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून मोबाइलसमोर बसल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "गेल्या वर्षी नवीन यंत्रं किती घेतली? आणि जमीन विकायचा विचार आहे का?"

अध्यक्षांनी आभार मानले आणि जमिनीची किंमत कशी वाढली यावर बराच वेळ बोलले. ते थांबल्यावर बाई म्हणाल्या, "माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

हा वर्गातला आवाज मी शाळेनंतर पहिल्यांदाच ऐकत होते. मग अध्यक्ष म्हणाले, गेल्या वर्षी यंत्रं घेतलेली नाहीत, पण नव्या यंत्रांची ऑर्डर नुकतीच दिलीय. जमीन विकायची नाही.

सभा संपल्यावर अंकलनी मोबाइल बंद केला. मग म्हणाले, "थांबू या."

होते ते शेअर त्यांनी ठेवले, नवे पैसे घातले नाहीत. मी ऑफिसच्या टिपणातही तेच लिहिलं: जमिनीमुळे आलेली वाढ बाजूला काढा, यंत्रं येईपर्यंत वाट बघा. साहेब म्हणाले, जरा मऊ लिही. मी सगळ्या वर्षांच्या आकड्यांचा पूर्ण तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि टिपण आहे तसंच पाठवायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत शेअरचा भाव हळूहळू उतरला. बाईंकडे जाणं व्हायचं, पण अंकल तो विषय काढत नसत.

पुढच्या ताळेबंदात यंत्रांची ओळ बऱ्याच वर्षांनी वर गेली. नुसत्या त्या ओळीवर मी विसंबले नाही. नवी यंत्रं चालू होऊन विक्री वाढलेली दोन तिमाह्यांत दिसली, तेव्हा लिहिलं की आता घ्यायला हरकत नाही. ज्या कंपनीला थांबा म्हटलं तिलाच घ्या म्हणताना मला जराही अवघड वाटलं नाही. आकडे बदलले होते.

मग अंकलचाच फोन आला. "तुझ्या बाई सांगत होत्या, तू आता घ्या म्हणतेस. या वेळी खरी वाढलीय?"

"हो, अंकल. यंत्रं आलीत आणि ती चालतायत."

"मग घालतो. सगळे नाही, निम्मे," ते म्हणाले. आणि लगेच आणखी दोन कंपन्यांची नावं सांगून, त्यांचंही बघून ठेव म्हणाले.