आत्याची चूल

जाम गावाच्या पुढे, सागवानाच्या टेकडीपाशी आमचं गाव. नव्वदच्या दशकात वनखात्याने गावाशी बोलणं केलं: जंगल तुम्ही राखा, गवत-सरपण तुमचं, आणि साग तोडला जाईल तेव्हा त्यातही हिस्सा. गावाने समिती केली, टेकडीवरची चराई बंद केली. राखणीची काठी घरोघर फिरायची. सकाळी ज्याच्या दारात ती उभी दिसे, त्या घराची पाळी.

आमच्या दारात आली की काठी आत्याच उचलायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, नवऱ्यामागे माहेरी परतलेली. बाबांना शेतातून सवड नसे, आणि खरं सांगायचं तर उन्हात टेकडी चढायची हौसही नव्हती. आत्या मात्र भाकर बांधून निघायची. कुऱ्हाडवाले तिला वचकून असत. मीही असे.

गवताचे वाटे ठरले तेव्हा नियम निघाला, एका चुलीला एक वाटा. आमच्या वाट्याचं गवत बैलांनाच पुरेना. आत्याची गाय दाव्याला हंबरत उभी. आत्या थेट सभेत गेली.

"राखणीले मी जातो, मंग मले वाटा काऊन नाई?"

"तुमची चूल भावाच्या घरात हाय ना, बाई," अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणातल्या निंबाखाली मातीची चूल घातली. बाबांचा चेहरा पडला. "बाई, लोक म्हनतीन, भावानं बहिणीले वेगळं काढलं."

"म्हनू दे लोकाईले. माही गाय उपाशी हाय."

बाबा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना अंगणाकडे पाठ करून बसत. मला दोघांचाही राग येई, मधल्या मधे आईचे हाल. समितीच्या बायका येऊन चूल पाहून गेल्या, आणि दिवाळीच्या तोंडावर आत्याच्या वाट्याचं गवत बैलबंडीतून उतरलं. सागाचा हिस्सा म्हणाल, तर त्याची गाव अजून वाट पाहतंय.

भाऊबीजेला बाबा धुतलेलं धोतर नेसून, हातात नवं लुगडं घेऊन अंगणात उतरले. निंबाखाली पाट मांडलेला होता.

"ये भाऊ. कवाची वाट पाहून राह्यली मी."

इतकी वर्षं आत्या बाबांना बाबांच्याच घरात ओवाळायची. त्या दिवशी तिचा भाऊ तिच्या घरी आला होता.