रोझीचा हद्दीवरचा पाट

चार रिकामे एका ओटीवर बसले की किस्से साचायला कितीसा वेळ लागतो! भाईंदरजवळच्या उत्तनला आमचा अड्डा जाकूच्या ओटीवर. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. जाकू स्टीमरवर स्वयंपाकी होता. जर्मनीत त्याची बोट बिघडली आणि अख्खा हिवाळा त्यानं हॅम्बुर्ग आणि त्याला चिकटलेलं अल्टोना, अशी दोन शहरं गल्लीबोळांसकट पालथी घातली. गड्यानं ठाणं मात्र कधी धड पाहिलं नव्हतं!

*

जाकू म्हणायचा, "एकच रस्ता. ह्या दारात हॅम्बुर्ग, त्या दारात अल्टोना. आणि दोघांचं कायम भांडण."

मिठागरावर राबणाऱ्या सालूला ते पटेना. "मधी खाडी न्हाय, शेत न्हाय, मग भांडतात कशावरनं?"

"त्यावरनंच!"

*

एकदा जाकूनं आम्हाला नकाशाच मांडून दाखवला. तांब्यातल्या पाण्याची रेघ म्हणजे एल्ब नदी. करवंटी म्हणजे ब्लांकेनेझ, टेकडीवरची कप्तानांची घरं. खोबऱ्याचा तुकडा म्हणजे ओटेन्सेन, कारखान्यांची वस्ती.

तेवढ्यात जाकूच्या बायकोची, रोझीची, कोंबडी आली आणि ओटेन्सेन खाऊन गेली.

"हाकल तिला!" जाकू ओरडला. "अल्टोनाचं हाय ते!"

*

फादरनी एकदा विचारलं, "तिथं तू जायचास कुठे?"

"सेंट पाउलीला, फादर. रोज संध्याकाळी."

फादर खूश! रविवारी त्यांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "परमुलखात राहून संताला न विसरणारा आपला जाकू!" आता सेंट पाउली म्हणजे हॅम्बुर्गातली खलाशांच्या दारूगुत्त्यांची वस्ती, हे ठाऊक फक्त आम्हाला. आम्ही माना खाली घालून बसलो. घरी आल्यावर रोझीनं कौतुकानं विचारलं, "प्रार्थना असायची का वो?"

"गाणी असायची," जाकू म्हणाला.

*

पण खरा किस्सा रोझीचाच.

जाकूला पुन्हा बोट मिळेना. घर चालायचं रोझीच्या मासळीच्या टोपलीवर. अशात बोंबील वाळवायच्या जागेवरून आमचं गाव आणि रोझीचं माहेर, दोन्ही गावं भांडली. मासळीबाजार भरायचा दोघांच्या हद्दीवर. आमचे पाटील म्हणाले, "हिची ओढ माहेराकडं. हिनं आमच्या बाजूला विकायचं नाही." माहेरचे पाटील म्हणाले, "दिली तिथली झाली. हिनं आमच्याकडं विकायचं नाही." बिचारीनं बसावं तरी कुठे? त्या आठवड्यात चूल दोनदा पेटली नाही.

तरी जाकूच्या गप्पा चालूच! अल्टोनाच्या मासळीबाजाराला लागूनच हॅम्बुर्गचा मासळीबाजार कसा, आणि हद्दीवरची एक म्हातारी स्वतः अल्टोनात बसून टोपली हॅम्बुर्गात कशी ठेवायची, ते रंगात येऊन सांगत होता. आत विळीवर मासे कापणाऱ्या रोझीचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी तिनं हद्दीच्या दगडाजवळ पाट मांडला. पाट अलीकडे, टोपली पलीकडे.

आमचे पाटील आले. "ऊठ! इथं विकायचं न्हाय!"

"मी नुसती बसलेय, पाटील. मासळी पलीकडं हाय."

मग तिकडचे पाटील आले. "उचल ती टोपली!"

"टोपली काय विकते होय? विकणारी अलीकडं हाय."

दोन्ही पाटील एकमेकांकडे बघत राहिले. बोलायचं तर एकमेकांशी बोलायला हवं, आणि तेच तर बंद! तंटा बघायला जमलेल्या बायका टोपली रिकामी करून गेल्या. रोझीचं बस्तान बसलं ते बसलं.

*

मग एक दिवस जाकूचा बोटीवरचा दोस्त भाईंदर स्टेशनावर उतरून थेट ओटीवर आला. म्हणाला, "तुझं अल्टोना गेलं रे! सरकारनं हॅम्बुर्गात घातलं. दोन्ही शहरं एक झाली."

"आणि हद्द?" सालूनं विचारलं.

"पुसून टाकली."

खवल्यांनी भरलेल्या हातानं रोझी धावत बाहेर आली आणि तो हात तिनं जाकूच्या तोंडावर दाबला.

"आवं, कुनाला सांगू नका! आपल्या पाटलांच्या कानावर गेलं म्हंजे?"