खुर्चीखालून ऐकलेलं

सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवणारा हा कारागीर कुणाकडेही गेला तरी आधी बसत नसे. खुर्ची उलटी करून खाली बघे. ‘वरून सगळेच नटवतात, खालून बघावं,’ हे त्याचं ब्रह्मवाक्य. त्यापायी साडूच्या घरी चहाचा अख्खा ट्रे लवंडला होता, आणि तेव्हापासून बायको त्याला कुठे न्यायला धजत नसे.

मुलगी मात्र चार माणसांत मूग गिळून बसायची. घरात तिचं नाव पडलं होतं मौनीबाबा. जेवताना कधी तिनं तोंड उघडलंच, तर कारागिराची बहीण चमचा खाली ठेवून म्हणे, “ऐका हो, मौनीबाबा बोलतायत.” सगळे कौतुकानं वळून बघत आणि पोरीचं वाक्य घशातच राही. कारागीरही हसे.

आता मौनीबाबाला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक नावाजलेलं खासगी कॉलेज, वर्गात मोजकी मुलं, वर हिला फी माफ. दुसरं अवाढव्य सरकारी विद्यापीठ. एक निवडायचं होतं आणि पोरगी काही बोलत नव्हती. बापाला धास्ती एकच, त्या गर्दीत ही कुणाला दिसायचीसुद्धा नाही. तरी दोन्ही बघून येऊ म्हणून दोघं निघाली.

कॉलेजात नमनालाच घडाभर तेल गेलं. मग प्राध्यापकबाईंनी मुलीला नावानं हाक मारून गोल टेबलाशी बसवलं आणि प्रेमानं विचारलं, “तुला काय वाटतं?” टेबलाभोवतीचे सगळे चेहरे वळले. “छान आहे,” ती म्हणाली. बापानं खुर्ची तपासली. सांधे पक्के, शिलाई सरळ. त्याच्या मनानं तिथंच कौल दिला.

विद्यापीठात दारावरच्या माणसालाच विभाग ठाऊक नव्हता. शोधत शोधत दोघं एका भल्यामोठ्या, गच्च भरलेल्या वर्गात शिरली. मागचा बाक बसताच कुरकुरला, मग याला कसला धीर? तो बाकाखाली गेला. तेवढ्यात तास सुरू झाला. सर सांगत होते, मुंग्या वासावरून वाट कशी काढतात.

“आणि पावसानं वास धुऊन गेला तर?” कुठल्याशा मुलीनं खणखणीत विचारलं.

सर म्हणाले, “त्यावर आमचंच एकमत नाही. तुम्हाला काय वाटतं?”

मुलगी बोलू लागली. कोण असेल ही धीट पोर, म्हणून कारागिरानं मान वळवली. शेजारीच दोन चपला टाचा उंचावून उभ्या होत्या. त्यातल्या एकीचा पट्टा त्यानंच शिवला होता.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, “एवढ्या लोकांत भीती नाही वाटली?”

“एवढ्या लोकांत माझ्याकडे कोण बघतंय, बाबा?”

त्याला आनंद झाला, आणि तेवढंच वाईटही वाटलं.

रात्री जेवताना पोरगी म्हणाली, “मी विद्यापीठात जाते. कारण तिथं...”

आत्यानं चमचा खाली ठेवला. कारागिरानं तिला डोळ्यांनीच दटावलं, उठून एक रिकामी खुर्ची उलटी केली आणि तिच्यावर वाकला.

“तू बोल गं,” तो म्हणाला, “माझं काम चाललंय.”

खुर्चीला काहीएक झालेलं नव्हतं. पोरीचं बोलणं संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.