भिजवलेल्या मनुका

दोन्ही हातांनी पितळी वाटी पुढं करायची, वाटीवर धुतलेलं फडकं, आणि मान खाली घालून म्हणायचं, "मूठभर मनुका द्या, आप्पा. निघाले असतेल."

कोण निघाले असतील, हे आमच्या दुकानापुढच्या कुत्र्यांनाही पाठ होतं. पाद्रीसाहेब.

कळंबच्या पेठेत आमचं किराणा दुकान होतं आणि माझ्याइतका थापाड्या वाणी पेठेत दुसरा नव्हता. तुम्ही मला ओळखता, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. काटा हातात असताना खरं बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

वाटी घेऊन येणारा म्हातारा गावाबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीतला. तिथल्या पत्र्याच्या देवळाचा रखवालदार. जन्मभर दोर वळलेले, त्यामुळं तळहात असे की काडी ओढली तर पेटावी. त्यांचे पाद्री बार्शीकडं, इंग्रजी हद्दीत राहायचे. दोन-तीन महिन्यांतून एकदा सायकल मारत यायचे. कोणत्या रविवारी, ते आधी कळायचं नाही. ते आले की प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा आणि मनुकांचं पाणी. निजामाच्या मुलखात द्राक्षं कुठून येणार? म्हणून मनुका रात्रभर भिजवायच्या, चोळायच्या, गाळायच्या. पाद्री दारात आणि मनुका कोरड्या, असं व्हायला नको म्हणून हा गडी दर शनिवारी भिजत घालायचा. वर्षातून लागायच्या चार-पाच वेळा.

बाकीच्या आठवड्यांच्या मनुका सोमवारी सकाळी टम्म फुगून आमच्या मागच्या दाराशी यायच्या.

"टाकवत न्हाय. खाता का?"

मी खायचो. पोत्यांच्या थप्पीमागं बसून. कोणाच्या वाटीतलं खातोय हे वडिलांना कळलं असतं, तर अंघोळी घालून घालून त्यांनी माझं कातडं सोललं असतं. विकलेला माल फुगवून परत खाणारा वाणी अख्ख्या मोगलाईत मी एकटाच. वडील त्याला अरे-तुरे करायचे. मीही करायचो, पण वर्षभर एखाद्याच्या वाटीतलं खाल्लं की जीभ आपोआप वळते. मी अहो म्हातारबा म्हणू लागलो.

चेष्टा मात्र सोडली नाही. एकदा विचारलं, "म्हातारबा, तुमचे पाद्री मुंगीवर बसून निघालेत का?"

"मुंगी बी पोचती, आप्पा. निघाली असली म्हंजे."

मग ते साल आलं. इंग्रज गेले, निजाम गेला नाही. सरहद्दीवर नाके बसले, बार्शीचा रस्ता बंद झाला. दिवसाढवळ्या पेठेची दारं लागू लागली. पाद्री येईनात. पुढच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याची बायको अंथरुणाला खिळली. पोटात गाठ. हकिमानं हात वर केले. पाद्रीसाहेबांच्या हातून एकदा प्रभुभोजन घ्यायचं आणि मग जायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

मी म्हणालो, तुम्हीच द्या की. भाकरी तुमची, मनुका माझ्या, बघायला कोण येतंय?

"मला तो अधिकार न्हाय," तो म्हणाला. मग वाटी तशीच पुढं धरून उभा राहिला. निघाले असतेल, हे शब्द काही आले नाहीत. म्हणाला, "ती इचारती, कवा येतेत. म्या काय सांगू?"

हे मला सोसेना. मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि बोललो. काल येरमाळ्याला गूळ आणायला गेलो होतो, तिथं चिंचेखाली पाद्रीसाहेब चाक उलटं करून पंक्चर काढत बसलेत. नाकेवाल्यांना गुंगारा देऊन आलेत. मला म्हणाले, रविवारी पोचतो म्हणून सांगा. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? मागचं चाक की पुढचं, तेही सांगितलं.

म्हातारा हसला नाही, रडलाही नाही. भरलेली वाटी छातीशी धरून त्या वयात पळत सुटला.

पुढचं मला त्याच्या शेजारणीनं सांगितलं. रविवारी पहाटे बायकोनं वेणी घालून घेतली, धुतलेलं लुगडं नेसली आणि रस्ता दिसेल अशी भिंतीला टेकून बसली. आधी प्रभूची भाकरी, मग बाकी, म्हणून पाण्याचा घोटही घेईना. त्या उन्हाळ्यात. दुपारी ओठ फुटले. म्हाताऱ्यानं विनवण्या केल्या, तर मान हलवायची. दिवेलागणीला गेली. उपाशी, रस्त्याकडं बघत.

सोमवारी वाटी आली नाही. मी चौथ्या दिवशी वस्तीवर गेलो.

"नाक्यावर अडवलं असंल पुन्यांदा," तो मलाच समजावू लागला. "पर निघाले व्हते, हे तिला कळलं बघा."

खरं सांगायला गेलो होतो; नाकेवाल्यांना दोन शिव्या हासडून परत आलो.

पावसाळा सरताना फौजा आल्या. निजामाचं राज्य गेलं, रस्ता खुला झाला. पाद्री सायकलीवर आले. म्हातारा त्यांना घेऊन थेट दुकानाशी आला आणि माझ्यासमोर विचारलं, "सायेब, उन्हाळ्यात येरमाळ्यापासनं माघारी का फिरलात?"

पाद्री गोंधळले. वर्षभर आपण बार्शीबाहेर पाऊल टाकलं नाही, म्हणाले.

मी रिकाम्या काट्यात उगाच वजनं टाकू लागलो. म्हाताऱ्यानं त्या काट्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

"मग दुसरं कुणी असंल. लांबनं समदे सायकलवाले सारखेच दिसतेत."

सोमवारी तो मागच्या दाराशी आला. वाटी, वर फडकं. आत काळ्याठिक्कर, खडे झालेल्या मनुका.

"त्या रविवारच्या हायेत. उन्हात वाळवल्या. तिनं सांगितलं व्हतं, बातमी आणली त्या आप्पाला द्या. सायेब येऊन जाऊ देत, मग द्याव्या म्हनलं." मग नेहमीसारखं, अगदी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "खाता का?"

मला हात पुढं करता आला नाही. त्यानं वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. पुन्हा शनिवारी दुकानाकडं फिरकला नाही. थंडी संपायच्या आत तोही गेला, हे मला पेठेतून कळलं.

आमच्या कळंबच्या मुंग्या तुम्हाला ठाऊक नाहीत. बैल सोडून ठेवले तर गुळाची गाडी जुवासकट ओढून नेतील. ती वाटी फडताळात उघडीच ठेवली आहे. रोज सकाळी जाऊन बघतो. एकही मुंगी अजून आलेली नाही.

निघाल्या असतील.