गंज न धरलेली खिडकी

घाटकोपरची आमची जुनी बिल्डिंग पाडायला काढली तेव्हा लोकांनी दरवाजे, पंखे, अगदी नळसुद्धा काढून नेले. खिडक्यांची ग्रिलं मात्र भंगारात गेली. माझ्या मनाला तेच लागलं होतं. साकीनाक्याच्या वेल्डरकडून प्रत्येक घराने आपल्या पसंतीची नक्षी करून घेतलेली: कुणाचा मोर, कुणाचं कमळ, कुणाचा उगवता सूर्य. आमचे नुसते चौकोन, कारण बाबांना नखरे खपत नाहीत. लहानपणी मी खालूनच ग्रिल बघून घर ओळखायचे.

त्यामुळे त्याच जागी उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरच्या लॉबीतली मोठी भिंत रंगवायचं काम मिळालं तेव्हा मी वेगळा विचारच केला नाही. अंधेरीच्या हॉटेलांतून शोभेसाठी मुद्दाम गंजवलेल्या भिंती करून देणं हा माझा धंदाच आहे. लोखंडाची पूड असलेला रंग लावायचा, वर द्रावण फवारायचं आणि चहा पिऊन यायचं. तोवर भिंत खरोखर गंजायला लागते. मजल्यामागून मजला, सगळ्यांच्या खिडक्या मी तशाच रंगवल्या. पुढे प्लास्टिकचा पडदा टांगून ठेवला होता. बाबांना थक्क करायचं होतं.

बाबा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, आणि गंजाचे हाडवैरी. दर दिवाळीआधी ते घरच्या सगळ्यांच्या हातात पॉलिश पेपर द्यायचे आणि ग्रिल घासून त्यावर चंदेरी रंग चढवायचे.

पडदा काढला आणि ते थक्क झाले, पण भलत्याच अर्थाने. सत्यनारायण तोंडावर आलाय आणि नव्या घरात शिरताना माणसांनी गंजाला नमस्कार करायचा का, असं त्यांनी विचारलं. कमिटीनेही माना डोलावल्या. पूजेआधी भिंतीला पांढरा रंग मारायचं ठरलं. मला रडू आलं. सगळ्यांसाठी केलं असं मी म्हणत होते, पण खरं तर ते एका माणसासाठी केलं होतं.

संध्याकाळी जुन्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या. बराच वेळ भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या कमळाची एक पाकळी कमी आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, त्यांचा मोर उलट्या दिशेने बघायचा. तासाभरात लॉबी माणसांनी भरली. जो तो आपली खिडकी शोधून तिच्यात चुका काढत होता. पांढऱ्या रंगाचं कुणी नावही काढेना. बाबा मात्र निघून गेले.

सकाळी मी पाकळी वाढवायला गेले, तर ते आधीच तिथे उभे. आमच्या चौकोनांवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या काय केलंस गो? आपल्या ग्रिलाक मिया कधी गंज धरूक दिलंय नाय."

एवढंच होतं तर! मला हसूच फुटलं. आमच्या खिडकीवरचा गंज मी घासून काढला आणि ब्रश त्यांच्या हातात दिला. चंदेरी रंग त्यांनी घरूनच आणला होता. सगळे चौकोन त्यांनी एकट्याने रंगवले. कोपऱ्यांत ब्रश कसा फिरवायचा तेही मला ऐकवलं, आणि मी निमूट ऐकून घेतलं. एवढी खूश मी कुठल्याच कामावर झाले नव्हते.

पूजेच्या दिवशी त्या एवढ्या मोठ्या तांबूस भिंतीवर आमची एकच खिडकी चमकत होती. प्रसादाची वाटी घेऊन काकू माझ्याकडे आल्या. त्यांचं कमळही तसंच चकचकीत करून देशील का, म्हणाल्या. मी हो म्हणणार, तेवढ्यात बाबा मध्ये पडले.

"वहिनी, दर दिवाळीला रंगाचा डबा घेऊन मी तुमच्या दारात यायचो. तेव्हा लावलात?"

काकूंनी शिऱ्याचा घास घेतला आणि कमळ आहे तसंच छान दिसतंय म्हणाल्या.